गडग्यापलीकडच्या काजी

थंडी जवळ आली हे सावित्रीला कधी अंगावरच्या काट्याने कळलं नाही. ते तिला दगडावर घासणाऱ्या कोयत्याने कळायचं. तुळशीचं लग्न लागलं, दारापुढच्या खळ्यातल्या मांडवाची सुकलेली झावळं उतरवली, की तिचा नवरा गुरुदास पहाटे पडवीच्या पायरीवर बसून धार काढायला लागायचा. कोंबड्यांच्या आधी घर जागं व्हायचं ते त्या आवाजाने. मग वाटेवरून हाक यायची, "गुरू, उठलंस काय रे? का वयनीन बांधून घातल्यान हा तुका?" आणि सावित्री चुलीवर चहाचं आधण वाढवायची.

हाक मारणारा बाप्तिस्त. मिठबावच्या वरच्या अंगाला, जिथून समुद्र दिसतो पण त्याची गाज पोचत नाही, तिथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, गुरुदासची आंब्याची कलमं आणि बाप्तिस्तच्या काजी, काजूची झाडं, एकमेकांना लागून होती. मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा. समुद्राच्या बाजूला कलमं, डोंगराच्या बाजूला काजी. त्या कातळावर माती कुठली असायला! दोघांनी तरुणपणी पहारीने खड्डे मारले आणि खालच्या व्हाळाची, ओढ्याकाठची माती पाट्यांनी वर नेली. पाट्या वाहिल्या त्या मुख्यतः दोघांच्या बायकांनी. सावित्रीला तेव्हा दिवस होते. बाप्तिस्तची डोरथी चढणीच्या तोंडाशी तिला थांबवायची, तिच्या पाटीतली अर्धी माती आपल्या पाटीत ओतून घ्यायची आणि म्हणायची, "झील झालो काय तेका सांग गो, तुझो भार डोरथीमावशेन व्हायलो." तो झील, गुरुप्रसाद, आता पनवेलला असतो. गणपतीला येतो, विसर्जन झालं की जातो.

सावित्री देवाधर्माची बाई. आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात नाही, पोथी वाचल्याशिवाय तोंडात घास नाही. सासू म्हणायची, हिच्या हातून देवाचं काही चुकायचं नाही, माणसाचं चुकलं तर चुकेल. सासू ते कौतुकाने म्हणायची.

तर थंडीच्या आधीची झाडांची कामं. पावसाळ्यात कलमांच्या फांद्यांवर बांडगूळ माजतं. पक्षी बी टाकतात, ते फांदीत मुळं घालतं आणि झाडाच्या जिवावर हिरवंगार होतं. ते फांदीसकट छाटायचं, कापल्या जागेला मोरचूद आणि चुन्याचं निळं लेपण लावायचं. बुंध्यावरचं शेवाळ खरवडायचं, आळ्यात पालापाचोळा घालायचा. आणि सगळ्यात शेवटी गवत. सड्यावरचं गवत पाऊसभर कंबरेला लागतं आणि कार्तिक सरता सरता पिवळंधमक होतं. मग एखाद्याने टाकलेली विडी पुरते. थंडीच्या दिवसांत त्या भागात दरसाल कुणाची ना कुणाची बाग जळते. म्हणून आग यायच्या आधी आपणच, आपल्या हाताखाली, गडग्यालगतच्या गवताचा पट्टा जाळून टाकायचा. पुढे कधी वणवा आलाच तर त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबतो.

पट्टा जाळायचा तो सकाळी, दव असताना. त्या वेळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. मतलई म्हणतात त्याला, अंगाला गार लागतो पण जोर नसतो. मतलईत लावलेली आग समुद्राकडे, म्हणजे गुरुदासच्या बाजूला कलते. म्हणून त्या बाजूचं गवत आधीच चांगलं रुंद कापून जमीन उघडी करायची आणि हिरव्या टहाळ्या घेऊन माणसं त्या बाजूला उभी करायची. बाप्तिस्तच्या बाजूला वाऱ्याविरुद्ध आग सरकतच नसे. तिथे कुणी कापत नसे, कुणी उभं राहत नसे. ऊन चढलं की मतलई पडते आणि समुद्रावरचा वारा उठतो. त्याच्या आत सगळं विझवून खाली यायचं. असं चाळीसेक वर्षं चाललेलं.

आणि या सगळ्याच्या आधी राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, नारळ. गडग्याच्या टोकाला एक उभा दगड आहे, तो त्याचा. घरातल्या कर्त्या पुरुषाने आंघोळ करून, सोवळ्याने नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, की बाबा, आज तुझ्या हद्दीत आग घालतोय, वाईट वाकडं होऊ देऊ नको. गुरुदास गाऱ्हाणं घालायचा आणि बाप्तिस्त डोकीवरची टोपी काढून शेजारी उभा राहायचा, इतरांबरोबर मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचा आणि वर छातीवर क्रूस करायचा. डोरथी त्याला चिडवायची, की दोन धन्यांच्या घरी चाकरी करणाऱ्याला दोन्हीकडून पगार मिळत नाही.

त्या वर्षी श्रावणात गुरुदास विहिरीवर पाणी ओढता ओढता कोसळला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधापेक्षा मन सांभाळा. सावित्रीने पडवीत खाट टाकली, सड्याची कड दिसेल अशी. बाप्तिस्त रोज तिन्हीसांजेला यायचा. रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की येऊन गुरुदासची दाढी करायचा. "हलू नको मरे, कान कापलो गेलो तर माका चर्चीत गाडतील," असं काहीबाही बोलत राहायचा. गुरुदास अर्ध्या तोंडाने हसायचा. दिवसभरात तेवढाच.

सावित्रीने मनाशी धरलं, की ह्यांचं उरलंसुरलं सगळं दोनच गोष्टींत आहे, सड्यावरची बाग आणि बाप्तिस्त. हे आहेत तोवर ही दोन्ही ह्यांच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी राहिली पाहिजेत. बाकी देवाने काय न्यायचं ते न्यावं.

कार्तिक आला. गुरुदासने कोयत्याचा आवाज ऐकला नाही, पण दिवस त्याला बरोबर कळले. कलमांची कामं बाप्तिस्तने आपल्या काजींच्या आधी करून टाकली, एकट्याने, साठी उलटून गेलेली असताना झाडांवर चढून. राहिला पट्टा. रोज संध्याकाळी गुरुदास डावा हात उचलून सड्याकडे दाखवायचा आणि विचारायचा, "पट्टो?" ती म्हणायची, उद्या-परवा. मार्गशीर्ष लागला, गवत करकरीत वाळलं, तेव्हा एके संध्याकाळी विचारता विचारता तो रडला. लहान मुलासारखा, तोंड वाकडं करून. तिला ते बघवलं नाही.

अडलं होतं ते गाऱ्हाण्यापाशी. कर्ता पुरुष खाटेवर. मग मान जातो भावकीतल्या पुढच्या पुरुषाकडे, म्हणजे खालच्या वाडीतल्या चुलत दिराकडे, बाळाकडे. बाळा आज येतो, उद्या येतो करत होता. बाप्तिस्त एकदा सहज म्हणून गेला, "वयनी, तुमीच घाला गाराणा. देव काय बायलांचा आयकना नाय?" सावित्रीने कानाला हात लावला. गाऱ्हाणं बाईने घालायची रीत नाही, आणि रीत मोडून आग घालायची म्हणजे त्या दगडाशी खेळ. बाप्तिस्त पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

शेवटी बाळाने दिवस कबूल केला. उजाडायच्या आत बाप्तिस्त, सावित्री आणि वाडीतले काही गडी पाण्याचे कॅन घेऊन सड्यावर पोचले. मतलई छान वाहत होती. गवताच्या पात्यापात्यावर दव होतं. गुरुदासच्या बाजूची जमीन आदल्या दिवशी गवत कापून उघडी केलेली होती. फक्त बाळाचा पत्ता नाही. ऊन कलमांच्या शेंड्यांवर आलं, मग बुंध्यांवर आलं. तेव्हा कुठे मोटारसायकल फटफटत वर आली, आणि हँडलला लटकलेली बांगडे माशांची पिशवी. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं होतं. बाळा वाटेत थांबला होता.

"बरा केलंस," बाप्तिस्त म्हणाला. "राखणदाराक नारळ आणि बाळाक बांगडे. दोघांचीय सोय झाली."

गडी हसले. सावित्री हसली नाही. मासळीच्या हाताने नारळाला शिवायचं कसं? ती बाळाला म्हणाली, खाली जाऊन डोकीवरून आंघोळ करून या, त्याशिवाय नाही. बाळा कुरकुरला, हातपाय धुतले की झालं म्हणाला, बाप्तिस्तनेही वर बघितलं, उन्हाकडे. पण सावित्री देवाच्या कामात कुणाला बधली नव्हती. बाळा खाली गेला, न्हाऊन, धुतलेला पंचा नेसून परत चढून आला. तोवर दव गेलं होतं.

नारळ ठेवला. गाऱ्हाणं झालं, नीट, सविस्तर, गावातल्या सगळ्या थळांची, देवस्थानांची नावं घेऊन. बाळाला गाऱ्हाणं छान येतं, त्यात वाद नाही. नारळ फोडून खोबरं वाटलं. मग बाप्तिस्तने चिमूटभर वाळकं गवत हातात चुरून हवेत सोडलं. ते सरळ खाली पडलं. मतलई पडली होती आणि समुद्रावरचा अजून उठला नव्हता.

"वयनी, आज ऱ्हवांदे," तो म्हणाला. "वारो आता फिरतलो. उद्या उजाडाच्या आत येवया."

बाळाला ते पटलं नाही. "नारळ फुटलो, हाक मारून झाली. राखणदाराक बोलवलो आणि तसोच परत धाडलो, असा चलता? मगे काय झाला तर माका बोलाक येव नका."

सगळे सावित्रीकडे बघायला लागले. मालकीण ती होती. तिच्या डोळ्यांपुढे गुरुदासचं त्या संध्याकाळचं वाकडं तोंड होतं. आणि बाळा म्हणत होता ते तिच्या मनातच होतं. ठेवलेल्या नारळाचं काम उद्यावर ढकलायचं नसतं, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. आपण सगळं सोवळ्याने केलं, कुठे कमी ठेवली नाही. ज्याच्या नावाने केलं तो घटकाभर वारा धरून ठेवणार नाही का?

"लावा," ती म्हणाली.

बाप्तिस्तने हाताला लागलेला चुरा झटकला. "बरा," म्हणाला. आणि गडग्याच्या आपल्या टोकाला जाऊन काडी त्यानेच ओढली.

पहिल्यांदा आग उभीच्या उभी जळली, देवापुढच्या समईसारखी. मग कुणीतरी दार उघडावं तसा समुद्राकडून वारा आला. ज्वाळा गडग्यावर वाकल्या आणि पलीकडे गेल्या. गडी टहाळ्या घेऊन नेहमीच्या बाजूला उभे होते. ती बाजू मोकळी, उघडी, तिथे विझवायला काही नव्हतं. गडग्यावरून उड्या मारून ते पलीकडे पोचेपर्यंत कंबरभर गवत पेटत निघालं होतं. काजीचं पान तेलकट, आणि काजींखाली वर्षाचा पाचोळा. तो पेटताना आवाज येतो, पाऊस पडायला लागावा तसा. बाप्तिस्त आत घुसला. टहाळी संपली तेव्हा सदरा काढून त्याने आगीवर मारला, सदरा पेटला तेव्हा हातांनी. गड्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. कॅनमधलं पाणी त्याच्या हातांवर ओतण्यापुरतंच उरलं होतं.

दुपारी पलीकडच्या व्हाळापाशी आग आपोआप थांबली. काजींची खोडं उभी होती, पण पान एकावर नव्हतं. गडग्याच्या अलीकडे कलमांचा पाला तसाच हिरवा. एका फांदीलाही झळ लागली नव्हती.

उतरताना बाळा गड्यांना सांगत होता, की बघितलंत, राखणदाराने कशी आपली बाग राखली ती, एवढ्या आगीत एक पान करपलं नाही. सावित्री मागून येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "भावजी, पुन्हा हे शब्द खंय बोला नका." बाळाला कळलं नाही तिला काय झालं ते. तिलाही पुरतं कळलं नव्हतं. ते नंतर, रोज थोडं थोडं कळत गेलं. राखणदाराने वारा फिरवला नव्हता. वारा रोजच फिरतो, त्या वेळेला फिरतो, आणि हे सड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. थांबायचं होतं ते आपण. ज्याच्यासाठी बाळाला आंघोळीला पिटाळलं त्या देवाने घाई केली नव्हती, हट्टही केला नव्हता.

घरी गुरुदास उशीवरून मान उचलून बसला होता. धूर त्याने बघितला असणार, पण खाटेवरून गडगा दिसत नाही, फक्त सड्याची कड दिसते.

"पट्टो?"

"झालो," ती म्हणाली.

त्याचं अंग सैल पडलं. मग त्याने विचारलं, "बाप्ती?"

"दमलेत. येतले," ती म्हणाली. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी तो वाटीभर पेज प्यायला.

बाप्तिस्त त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, रविवार आला तरी नाही. गुरुदासची दाढी वाढली. तो वाटेकडे डोळे लावून पडायचा, चपलांचा आवाज आला की मान वळवायचा आणि दुसरंच कुणी असलं की डोळे मिटून घ्यायचा. सावित्रीने सांगितलं गोव्याला लेकाकडे गेलेत. मग सांगितलं ताप आलाय. एक खोटं झाकायला दुसरं, आणि ती सगळी खोटी पोथी वाचायच्या तोंडाने. पेजेची वाटी पुन्हा अर्धी परत यायला लागली.

शेवटी ती बाप्तिस्तच्या घरी गेली. डोरथी खळ्यात मिरच्या राखत बसली होती. उठली नाही, बस म्हणाली नाही. मागच्या पडवीत बाप्तिस्त पाठमोरा दिसत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. त्याने मान वळवली नाही.

"तेणा सांगितल्यान होता ना गो, आज ऱ्हवांदे म्हणान?" डोरथीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"सांगितल्यान होता."

"मगे?"

सावित्रीला ठेवलेला नारळ आठवला. ते कारण सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमचो नारळ तुमका पावलो," डोरथी म्हणाली. "मी डोक्यार व्हायलेली माती जळली. अर्धी तुझ्या वाटणीची होती, तीय जळली."

सावित्री म्हणाली, मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन, पण एकदा ह्यांना भेटून जा. हे वाटेकडे बघत असतात. ती ते पाठमोऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. डोरथीने मिरच्या उलट्या केल्या. मागच्या पडवीत काही हललं नाही. सावित्री परतली.

नाताळ आला. दरवर्षी डोरथीकडून केळीच्या पानाने झाकलेलं ताट यायचं, नेवऱ्या आणि गूळ-नारळाचा दोदोल, गुरुदासला दोदोल आवडतो म्हणून त्याचा तुकडा मोठा. त्या वर्षी चर्चच्या घंटा ऐकू आल्या, ताट आलं नाही. गुरुदासने विचारलं नाही. त्याने विचारणं सोडलं होतं.

थंडी मात्र त्या साली अशी पडली की म्हाताऱ्यांना जुनी वर्षं आठवली. आणि कलमं मोहरली. पानं दिसेनात असा मोहर. बाळा येऊन सांगून गेला, आचऱ्यापर्यंत अशी बाग नाही. वास घरापर्यंत उतरायचा. सावित्री पहाटे खळ्यात सडा घालायला बाहेर यायची आणि तो वास नाकात शिरला की पदर तोंडाला लावून आत जायची. देवापुढे बसून ती काय मागणार? मोहर राख, असं मागायला जीभ रेटत नव्हती.

रोज दुपारी, गुरुदासचा डोळा लागला की ती सड्यावर जायची. कलमांकडे न बघता गडगा ओलांडायची आणि करपलेल्या काजींच्या बुंध्यांना शेण आणि मातीचा लेप लावायची, मेलेली साल खरवडून. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. एकदा मागे पाचोळ्यासारखी राख चुरचुरली म्हणून तिने वळून पाहिलं, तर बाप्तिस्त उभा. हातांची कातडी नवी, गुलाबी.

"मेलेल्या झाडाक लेप कित्याक घालतास, वयनी?" तो म्हणाला. रागाने नव्हे. सांगावं तसं सांगितलं आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर खळ्यात चपला वाजल्या. सावित्री दारातून मागे सरली. बाप्तिस्त सरळ पडवीत गेला, खाटेच्या कडेला बसला आणि गुरुदासच्या दाढीवरून हात फिरवला.

"ह्या काय रे? गोसावी झालंस काय?"

गुरुदासने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि सोडेना. मग त्याला ती कातडी लागली. त्याने हात उलटा करून बघितला, बाप्तिस्तच्या तोंडाकडे बघितलं.

"कढईतला तेल सांडला," बाप्तिस्त म्हणाला. "डोरथीक मदत कराक गेलंय. बायलांच्या कामात पडाचा नाय, ता खरा."

गुरुदास बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "काजी?"

दारामागे सावित्रीने चौकटीला हात लावला.

"बऱ्यो आसत," बाप्तिस्त म्हणाला. "औंदा फुलोरो आसा, तू बघशीत तर खुळावशीत. त्या खालच्या अंगाक, तू खड्डो मारताना पाय मोडून घेतलंस, ती काजी आठवता? ती तर नुसती लाल झाली हा." आणि त्याने एकेका झाडाचं सांगितलं, कुठल्याला किती कोंब, कुठल्याची फांदी गडग्यावर येते म्हणून छाटायला हवी. सांगताना त्याने साबणाचा फेस केला, वस्तरा लावला, दाढी केली. बोटं अजून पुरती मिटत नव्हती, पण त्याने एक ओरखडा येऊ दिला नाही. गुरुदास ऐकता ऐकता झोपला.

सावित्री पायरीपाशी आली. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तिने एवढंच म्हटलं, "उपकार झाले."

"मी तेच्यासाठी इलंय," बाप्तिस्त म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

तो दर रविवारी येत राहिला. दर रविवारी नसलेल्या काजींचं नवं काहीतरी सांगायचा. फुलोऱ्याला बी धरलं, बोंडू पिवळे झाले, वानर फार झालेत. सावित्रीशी शब्द नाही. चहा ठेवला तर कप तसाच निवायचा. शिमग्याच्या आदल्या रविवारी गुरुदासने त्याचा हात धरून दाराकडे मान केली आणि मोठ्या कष्टाने म्हटलं, "वयनीक... बघ."

बाप्तिस्तने वस्तरा पुसून मिटला. दाराआडून सावित्रीला त्याची पाठ तेवढी दिसत होती. ज्या तोंडाने त्याने मेलेल्या काजी मोहरवल्या त्या तोंडाला अजून एक होकार जड नव्हता. तरी त्याला वेळ लागला.

"बघतंय," तो म्हणाला.

गुरुदास शिमग्यातच गेला, एका सकाळी, पेजेची वाटी बाजूला ठेवायच्या आत. बाग आणि बाप्तिस्त, दोन्ही जसंच्या तसं आहे असं समजून गेला. सावित्रीने जे धरलं होतं ते पार पडलं, आणि ते तिने पार पाडलेलं नव्हतं. बाप्तिस्तने तिरडीला खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत उभा राहिला, आणि त्यानंतर घराची पायरी चढला नाही. डोरथी बाराव्याला आली, पनवेलहून आलेल्या सुनेजवळ बसली, सावित्रीच्या डोक्यावर एकदा हात ठेवून गेली.

आंबे उतरवून गेले. पाऊस आला, गेला. गुरुप्रसादने आईला पनवेलला चल म्हटलं, तिने मान हलवली. कार्तिकात तुळशीचं लग्न तिने एकटीने लावलं, मंगलाष्टकं पुटपुटून. कोयत्याला कोण धार लावणार! सड्यावरचं गवत परत कंबरेला आलं होतं. काजींच्या राखेवर तर माणूस बुडेल एवढं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती विळा घेऊन वर गेली. आग लावायची नाही, मिळेल तेवढा पट्टा हाताने कापायचा, असं ठरवून. वर पोचली तर गवत आधीच पडलेलं. बाप्तिस्त वाकून कापत होता. गडग्याच्या तिच्या बाजूला. कलमांलगतचा निम्मा पट्टा जमिनीसपाट होता आणि भारे बांधून एका रांगेत लावलेले. म्हणजे आजचं हे काम नव्हे, कितीतरी दिवसांचं. त्याची स्वतःची बाजू तशीच उभी होती. तिथे राखायला आता होतं काय?

त्याने वर बघितलं नाही. ती थोडी लांब जाऊन दुसऱ्या टोकाला बसली आणि कापायला लागली. तिच्या हाताला सवय नव्हती. बोटं कापली, पदर फाडून बांधला, पुन्हा लागली. मधलं अंतर हळूहळू कमी होत गेलं. ऊन वर आलं तेव्हा दोघांच्या मध्ये एका भाऱ्याएवढंच गवत उरलं होतं. तेही त्याने कापलं, बांधलं, रांगेत नेऊन ठेवलं.

"चाय हाडू?" सावित्रीने विचारलं.

"नको," तो म्हणाला, आणि विळा कमरेला खोवून उभ्या गवतातून आपल्या वाटेला लागला.

सावित्री गडगा ओलांडून त्याच्या बाजूला गेली आणि पहिल्या काळ्या खोडापासचं गवत मुठीत धरलं.